वसई ते कोर्लई : एका झाँसीकराची भटकंती



यंदा मंडळाच्या चिटणीसांनी लेखासाठी गळ घातली, तेव्हा मी हात जोडले. माझे लिखाण म्हणजे मेजरमेंट बुक आणि एस्टिमेट. पण ते म्हणाले, "दरवर्षी राणीसाहेबांवर लेख येतोच. तुम्ही डिसेंबरात मुलाला घेऊन समुद्रावर फिरून आलात ना, त्याबद्दल लिहा." म्हणून हा प्रयत्न. लेखक नसल्यामुळे चुका आढळल्यास सांभाळून घ्यावे.

मी मूळचा भुसावळचा. वडील रेल्वेत, मीही डिप्लोमा करून रेल्वेत. २००२ साली इमारत विभागात ज्युनियर इंजिनिअर म्हणून झाँसीला आलो, तेव्हा हे मंडळ मध्य रेल्वेत होते. मुंबई, भुसावळ, नागपूरकडून माणसे बदलीवर येत, जात. १ एप्रिल २००३ ला झाँसी मंडळ उत्तर मध्य रेल्वेत गेले आणि येणाऱ्यांचा ओघ आटला. मी मात्र इथेच राहिलो, इथलाच झालो. मुलगा इथेच जन्मला. तो मला 'पापा' म्हणतो, मी मराठीत विचारले की हिंदीत उत्तर देतो. घरोघरी हेच आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मलाही वाटत नव्हते.

गेल्या वर्षी अकरावीचा इतिहास वाचता वाचता त्याने विचारले, "पापा, ये पुर्तगाली महाराष्ट्र से गए कैसे?" मी म्हणालो, "चिमाजी आप्पांनी वसई घेतली." "फिर?" या 'फिर'चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शाळेत जेवढे पाठ केले तेवढेच. खानदेशातला माणूस, समुद्र पाहिला तो जुहूला आणि एकदा गोव्याला. तेव्हाच ठरवले की नाताळच्या सुट्टीत दोन सॅक घ्यायच्या, हॉटेलांचे आरक्षण करायचे नाही आणि किनाऱ्यावरचे पोर्तुगीज कोट पायी पाहायचे. कार्यालयात सहकारी हसले. "साहब, खंडहर देखने इतनी दूर? छावनी में कम हैं क्या?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. छावनीतून जाता-येता रोज जुने बंगले दिसतात, गोऱ्यांचे कब्रस्तान दिसते, आणि ५ जून १८५७ ला जिथून इथल्या उठावाची सुरुवात झाली तो स्टार फोर्टही छावनीतच आहे. चुन्याच्या भिंतीला ओल कुठून येते आणि पिंपळाचे मूळ भिंत कसे फोडते, हे पाहणे माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. पण आपल्या रोजच्या वाटेवरच्या पडक्या भिंतीकडे आपण दुरुस्तीच्या नजरेने पाहतो. परक्या ठिकाणी गेल्यावर जरा वेगळे दिसते.

पंजाब मेलने सकाळी निघालो, दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरून लोकलने वसई रोड गाठले. तिथून बसने किल्ला.

वसई हा किल्ला म्हणण्यापेक्षा तटबंदीच्या आतले एक मोडके शहर आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ हे त्यांचे उत्तर कोकणातले मुख्य ठाणे होते. आत एकामागून एक चर्च, मठ, वाडे. सगळ्यांची छपरे लाकडी, ती गेली. भिंती दगड-चुन्याच्या, त्या उभ्या आहेत. मी मुलाला दाखवले की पाणी आधी छपरातून शिरते, मग भिंतीच्या डोक्यावरचा चुना धुऊन नेते, मग तिथे वडाचे बी पडते. इमारत शत्रूच्या तोफेने पडते त्याहून जास्त मालक निघून गेल्यामुळे पडते. देखभाल बंद झाली की पन्नास पावसाळे पुरतात.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांवर नावे, कुळांची चिन्हे, पोर्तुगीज अक्षरे. काही अक्षरे पायांनी झिजून गेली आहेत. मुलगा बसून अक्षरे लावत होता. बाजूला कॉलेजची मुलेमुली फोटो काढत होती. बंदर दरवाजाने बाहेर पडलो तर कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेले बोंबील. आत माणूस राहत नाही आणि बाहेर दोन पावलांवर संसार चालू आहेत.

आता त्या 'फिर'चे उत्तर. मोहीम १७३७ साली सुरू झाली. मराठ्यांनी आधी ठाणे घेतले आणि साष्टी बेटात पाय रोवले. वसई मात्र दाद देईना. एका बाजूला जमीन, बाकी पाणी आणि दलदल. पोर्तुगीजांच्या अमलात देवळे पडली होती, धर्मासाठी छळ झाला होता, त्यामुळे स्थानिक लोकांचाही मराठ्यांना पाठिंबा होता. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांनी शेवटचा वेढा घातला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. तटाखाली सुरुंग खणून बुरूज उडवले गेले, त्यात आपलीही माणसे फार पडली. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला. तहाप्रमाणे ज्यांना जायचे त्यांना आपले सामान घेऊन सुखरूप जाऊ दिले. ज्यांना राहायचे ते राहिले. ही दुसरी गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती, आणि पुढे साऱ्या प्रवासभर मी तिच्याचभोवती फिरत राहिलो.

विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांनी चर्चच्या घंटा नेल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि नाशिकला पंचवटीत, १७४७ साली बांधलेल्या देवळात एक आहे. ती 'नारोशंकराची घंटा' म्हणून प्रसिद्ध आहे. नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिली असेल. नारोशंकर म्हणजे नारोशंकर राजेबहाद्दर. झाँसीच्या वाचकांना हे नाव ओळखीचे असेल, कारण १७४२ साली मराठ्यांतर्फे झाँसीला सुभेदार म्हणून आले ते हेच. ओरछ्याच्या बीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला, तो भाग शंकरगड. शहरही त्यांनीच वसवले. मुलाला हे सांगितले तेव्हा तो एकदम उभा राहिला. "मतलब अपने किले वाला?" होय, आपल्याच किल्ल्याचा. वसईच्या चर्चमधली घंटा ज्याच्या देवळात लागली, त्यानेच आपल्या झाँसीचे शहर वसवले.

वसईत आणखी एक गोष्ट पाहिली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन वयस्कर गृहस्थ शेजारी बसले होते. गळ्यात क्रूस आणि बोली अस्सल मराठी वळणाची. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. आणि २०२० च्या उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही वसईचेच. ते २०२४ मध्ये गेले. दोनशे वर्षे पोर्तुगीज राज्य होते, धर्म बदलला, नावे बदलली, तरी इथल्या माणसांनी घरातली भाषा सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग, आणि एस.टी.ने रेवदंडा. मुलाचा हा पहिला समुद्रप्रवास. तो लाँचच्या कठड्याला धरून समुद्रपक्ष्यांना बिस्किटे टाकत राहिला आणि मी कठडा किती गंजला आहे ते पाहत राहिलो.

रेवदंड्याला एस.टी. सरळ किल्ल्याच्या दरवाजातूनच आत शिरते. आत नारळी-पोफळीच्या वाड्या. चौल-रेवदंडा हे फार जुने बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात याच किनाऱ्यावर उतरला, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या सुलतानाचे आणि गुजरातचे आरमार एकीकडे, पोर्तुगीज दुसरीकडे. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे वखार आणि मग कोट बांधला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, कोट पडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, तेव्हाही पडला नाही. आता त्या कोटात सुपारी वाळत घातलेली असते. चर्चचा उंच मनोरा एकटाच उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. सात मजले आता मोजता येत नाहीत, वरचे ढासळले आहेत.

एका वाडीत राहिलो. रात्री मालकांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, बाहेरून जाळ. मुलगा शेंगा सोलत विचारू लागला, "इसे मराठी में क्या कहते हैं?" मी म्हणालो, "बाळा, याला मराठीतच म्हणतात."

तिसऱ्या दिवशी सॅक पाठीला लावून कुंडलिका खाडीवरच्या पुलावरून साळावला आणि तिथून कोर्लईला चालत गेलो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी. कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या लांब, अरुंद टेकडीवर आहे. पायथ्याशी दीपगृह. निजामशाहीने इथे किल्ला बांधून समोरच्या पोर्तुगीज चौलवर तोफा रोखल्या होत्या. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो हल्ला करून घेतला. आत एकामागून एक तट आणि दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख, बिनछपराचे लहान चर्च, पाण्याचे टाके, गवतात पडलेल्या तोफा. वरून एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र. आमच्याशिवाय वर फक्त एक गुराखी होता. वसई पडल्यावर पोर्तुगीजांना हे टिकवता येणे शक्य नव्हते. १७४० मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला आणि चौल व कोर्लई मराठ्यांना मिळाले. पोर्तुगीज सैन्य निघून गेले.

किल्ल्याखालच्या गावातून परत येताना आम्ही पाणी मागायला एका घरापाशी थांबलो. ओट्यावर एक आजी मासळी निवडत होत्या आणि आतल्या सुनेशी काहीतरी बोलत होत्या. ऐकताना मला वाटले मराठीच आहे, कारण वाक्याची चाल तीच, क्रियापद शेवटी. पण एकही शब्द कळेना. मग त्या आमच्याकडे वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बसा, उन्हातून आलात."

मी विचारले, "आजी, ही कुठली भाषा?"

"आमची," त्या म्हणाल्या.

तेच तिचे नाव आहे. 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बाटलेल्या कुटुंबांच्या संसारातून ती तयार झाली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्यरचना मराठीच्या वळणाची. कोर्लईचे ख्रिस्ती लोकच ती बोलतात, सगळे मिळून आठशे ते हजार माणसे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर पुस्तक लिहिले आहे. राज्य गेले १७४० मध्ये. त्यानंतर या भाषेला ना शाळा, ना कचेरी, ना छापखाना, ना सरकार. खाडीपलीकडचे जग मराठी बोलत होते आणि हेही बाहेर मराठीच बोलत होते. तरी दोनशे ऐंशी वर्षांहून अधिक काळ ती चुलीपाशी टिकली. वरचा किल्ला मात्र पडला.

"पोरं बोलतात का अजून?" मी विचारले.

"घरात आमची बोलतात. शाळेत मराठी. टीव्हीवर हिंदी," आजी म्हणाल्या. मग माझ्या मुलाकडे बघून त्यांनी विचारले, "आणि हा घरात काय बोलतो?"

मी गप्प राहिलो. मुलगाच म्हणाला, "थोडी-थोडी मराठी आती है."

आजी हसल्या. त्यात टोमणा नव्हता. "आई-बाप बोलले की येते," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी आजवर मुलालाच बोल लावत आलो होतो. पण घरी आल्यावर मीच ऑफिसची हिंदी बोलत असतो. फोनवर हिंदी, मुलाच्या अभ्यासात हिंदी, रागावलो तर हिंदी. त्याची मराठी थोडी असेल तर ती मी थोडी दिली म्हणून.

परतीच्या गाडीत मी सनावळ्या मांडत बसलो. १७३९ वसई. १७४० कोर्लई. १७४२ झाँसी. म्हणजे पोर्तुगीज किनाऱ्यावरून निघाले, त्यानंतर दोन वर्षांत आपण मराठे बुंदेलखंडात झाँसीला ठाणे घालत होतो. आपण वसईचा इतिहास वाचतो तेव्हा साहजिकच चिमाजी आप्पांच्या बाजूने वाचतो. पण झाँसीपुरते बघितले तर बाहेरून सैन्य घेऊन आलेले आपण होतो. ओरछ्याच्या माणसाच्या नजरेने शंकरगड कसा दिसला असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. आमचे बुंदेलखंडी सहकारी हे वाचतील तर त्यांना तो आधीच सुचलेला असेल. पुढे कोकणातल्या कोट गावचे नेवाळकर इथे राज्य करून गेले. राणीसाहेबांनी तर इथल्या सगळ्यांना सोबत घेऊन लढाई दिली. म्हणूनच आज झाँसी त्यांना बाहेरची मानत नाही, स्टेशनालाही त्यांचेच नाव लागले. पण गंगाधररावांचे निधन २१ नोव्हेंबर १८५३ चे, संस्थान खालसा झाले १८५४ मध्ये, आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले. आपलेही राज्य गेले. आपलाही किल्ला आता तिकीट काढून बघायचा. राजसत्तेचे म्हणाल तर कोर्लईकरांत आणि आपल्यात फरक काही नाही. ते राहिले, आपणही राहिलो.

शब्दांची गंमत तर आणखी निराळी. आम्ही साइटवर 'घमेलं' म्हणतो, इथला मजूर 'तसला' म्हणतो. घमेलं पोर्तुगीज. पगार पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज. आणि आमचे हिंदी भाषिक मित्र म्हणतात ते कमरा, अलमारी, चाबी, बाल्टी हेही पोर्तुगीजच. ज्यांना आप्पांनी किनाऱ्यावरून घालवले त्यांचे शब्द आपण रोज वापरतो आणि कुणाला पत्ता नसतो. माझ्या घरात मात्र 'बटाटा' जाऊन 'आलू' झाला होता, 'पगार' जाऊन 'सैलरी'. हिंदी शब्द वाईट नाहीत. इथली भाषा चांगली यायलाच हवी, कोर्लईकरांनाही मराठी उत्तम येते. प्रश्न एवढाच की बाहेरची भाषा आली म्हणून घरातली घालवायचे कारण काय?

विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातल्या वरसईचे. १८५७ साली ते दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले आणि झाँसीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. झाँसीच्या त्या दिवसांचे मराठीत जे काही आपल्यापाशी आहे, त्यातले मोठे काम या एका भिक्षुकाने केले. माझा प्रवास उलट्या दिशेचा आणि अगदीच किरकोळ. पण त्यांचे पुस्तक आता मी घरी रोज दोन पाने मोठ्याने वाचतो. जुनी मराठी आहे, मीही अडखळतो. मुलगा अर्थ विचारतो, बऱ्याचदा मलाही सांगता येत नाही. मग दोघे मिळून शब्दकोश काढतो.

घरात एक नियमही केला आहे. रात्रीच्या जेवणाला मराठी. चुकेल त्याने दहा रुपये डब्यात टाकायचे. जानेवारीपासून डब्यात जमलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त माझे आहेत, हे कबूल केले पाहिजे.

मंडळाला एकच विनंती. उत्सवाच्या दहा दिवसांत आपण आरत्या मराठीत म्हणतो, पण मांडवात खुर्च्या लावताना पोरांना हाका हिंदीत मारतो. या दहा दिवसांत तरी मोठ्यांनी एकमेकांशी आणि मुलांशी मराठीत बोलावे. मुलांना शिकवण्याचा वर्ग वगैरे नंतर बघू. आधी आपण बोलू. यंदा मांडवातला सूचनाफलक माझ्या मुलाने लिहिला आहे. त्यात 'आरती रात्री आठ वाजता होइल' असे लिहिले आहे. 'होईल'मधली ई दीर्घ हवी, हे मला माहीत आहे. कृपया कुणी खोडू नये. त्याची त्याला कळली की तोच दुरुस्त करील.

गणपती बाप्पा मोरया!